मुक्काम कुठे, ते आधी लिहून द्या

प्रवासाला पैसा लागत नाही, इच्छा लागते, असं एक नवं सुभाषित सध्या मराठीत फिरतं आहे. नोकरी सोडून गाडी घेऊन निघालेली जोडपी हे सांगतात, त्यांच्या मुलाखती घेणारे मान डोलावतात, आणि अंधेरीच्या सब-वेत अर्धा तास अडकलेला माणूस मोबाइलवर ते ऐकून स्वतःलाच दोष देतो. आपल्यात धमक नाही म्हणून आपण इथे आहोत, नाहीतर या घटकेला चाकांवरचं घर घेऊन कुठल्यातरी सीमेपलीकडच्या तळ्याकाठी चहा उकळत असतो.

हे सुभाषित साफ खोटं आहे, आणि ते निरुपद्रवीही नाही. जी गोष्ट कायद्यांनी आणि करारांनी नाकारलेली आहे, ती माणसाच्या स्वभावातला दोष म्हणून ते त्याच्याच माथी मारतं.

मोटरहोमने केलेल्या निवांत प्रवासाचा अर्थ काय, ते आधी पाहू. चाकांवरच्या घराची सगळी किंमत एकाच गोष्टीत आहे : आज रात्री कुठे थांबायचं, हे आज संध्याकाळी ठरवता येतं. गाव आवडलं तर तीन दिवस राहावं, नाही आवडलं तर चहा पिऊन पुढे निघावं. पाऊस लागला तर दिशा बदलावी. एवढी मोकळीक काढून घेतली, तर मोटरहोम म्हणजे ज्याचं बाथरूम आपल्यालाच साफ करावं लागतं असं एक महागडं हॉटेल, एवढंच उरतं.

आता शेंगेन व्हिसाचा अर्ज भरायला बसा. परतीच्या तिकिटाचं आरक्षण, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची स्टेटमेंटं, आयकराची विवरणपत्रं, कंपनीचं रजा मंजूर झाल्याचं पत्र. आणि या सगळ्यांच्या मध्ये एक साधासा दिसणारा कागद : कोणत्या तारखेला कुठे मुक्काम, त्याचा पुरावा. मोटरहोम घेऊन जाणार म्हणालात, तर ते भाड्याने घेतल्याचा करार आणि कोणत्या रात्री कोणत्या कॅम्पसाइटवर, त्याचा तक्ता. शिवाय अर्ज द्यायचा तो ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. म्हणजे कोणता देश जास्त आवडणार, हे जाण्याच्या महिना-दोन महिने आधी बोरिवलीत बसून ठरवायचं. 'बघू, जिथे बरं वाटेल तिथे थांबू', हे उत्तर लिहायला त्या अर्जात जागा नाही. ते लिहिणारा माणूस त्या व्यवस्थेच्या नजरेत स्वच्छंदी नसतो, संशयित असतो. जून २०२४पासून या अर्जाची फी प्रौढांसाठी ९० युरो आहे आणि नकार आला तर ती परत मिळत नाही.

युरोपीय महासंघाने एप्रिल २०२४मध्ये भारतीयांसाठी नियम थोडे सैल केले, हेही सांगायला हवं. तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरलेत, तर पुढचा दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. चांगलं आहे. पण त्याचा अर्थ असा, की निवांत प्रवास हवा असेल, तर आधी दोनदा घाईचा प्रवास करून आपली चाल-चलणूक सिद्ध करायची.

स्वतःची गाडी घेऊन निघणाऱ्यांची कहाणी आणखी मजेदार आहे. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट ही त्यातली सोपी पायरी. अंधेरीच्या नाहीतर बोरिवलीच्या आरटीओतून, मुलुंड-घाटकोपरवाल्यांना वडाळ्याहून, ते वर्षभरासाठी मिळतं. पुढे इराणसारख्या देशात गाडी न्यायची तर 'कार्ने' हवं. कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्टच. गाडी तुम्ही तिकडे विकून येणार नाही, याची हमी. त्यासाठी गाडीच्या किमतीच्या प्रमाणात बँक गॅरंटी ठेवावी लागते. म्हणजे गाडी घेताना एकदा पैसे मोजायचे, आणि ती परत आणणार आहोत हे पटवण्यासाठी पुन्हा अडकवायचे. चीन आपलं इंटरनॅशनल परमिट मानत नाही. तिथे परदेशी नंबरप्लेटच्या गाडीला तात्पुरतं लायसन्स, आधी मंजूर झालेला मार्ग आणि सोबत सरकारमान्य गाइड लागतो. मुंबई ते लंडन गाडीने गेल्याच्या ज्या कौतुककथा आपण वाचतो, त्यांतल्या बऱ्याच मणिपूरमधून म्यानमारमार्गे चीनमध्ये शिरतात. म्हणजे निघण्याआधीच अर्धा खंड दिवसावारी आखलेला असतो. दुसरा पर्याय, गाडी कंटेनरमध्ये घालून न्हावाशेव्याहून आखातात पाठवायची आणि आपण विमानाने मागून जायचं. पहिली आंतरराष्ट्रीय सीमा गाडी एकटीच ओलांडते, अंधारात, कुलपाच्या आत. याला स्वच्छंद प्रवास म्हणायचं, तर लग्नाच्या हॉलवरच्या व्यवस्थापकालाही भटक्या म्हणायला हवं.

तरी हे लोक जातात, आणि त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. माझी तक्रार त्यांच्याशी नाही. परत आल्यावर ते परवानग्यांची फाइल कपाटात ठेवून देतात आणि व्यासपीठावरून फक्त इच्छाशक्तीबद्दल बोलतात, तिच्याशी आहे. फाइल दाखवा की! ऐकणाऱ्याला कळू द्या, की या प्रवासात किती भाग रस्त्याचा आणि किती भाग कागदाचा होता.

वेळेचंही तेच. महाराष्ट्राचा दुकानं आणि आस्थापनांसाठीचा २०१७चा कायदा वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा देतो. वर्षाकाठी साधारण पंधरा दिवस, आणि तेही ज्यांना हा कायदा खऱ्या अर्थाने लागू होतो त्यांना. युरोपीय महासंघात किमान चार आठवडे हा प्रत्येक कामगाराचा हक्क आहे. मोटरहोमची संस्कृती या चार आठवड्यांच्या पोटातून जन्मली आहे. आपल्याकडे त्या पंधरा दिवसांतून गावची जत्रा, भाच्याचं लग्न आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वजा करा. जे उरतं त्यात युरोप बघायचा. 'सावकाश बघा' असा सल्ला अशा माणसाला देणं, हे उपाशी माणसाला नीट चावून खा म्हणण्यासारखं आहे.

म्हणून मला त्या बिचाऱ्या ग्रुप टूरची बाजू घ्यायची आहे. मराठी साहित्यात आणि दिवाळी अंकांत ग्रुप टूरवाल्यांची जेवढी टवाळी झाली, तेवढी क्वचितच कोणाची झाली असेल. दहा दिवसांत सात देश, झेंडीवाल्या टूर मॅनेजरमागची पळापळ, आल्प्सच्या पायथ्याशी पोहे, आयफेल टॉवरखाली 'आमचा फोटो काढा ना'. हसणारे असं गृहीत धरतात, की या लोकांना रसच नाही. मुलुंडच्या निवृत्त शिक्षिका आणि घाटकोपरचे छोटे व्यापारी यांना फ्लॉरेन्समध्ये आठवडाभर रेंगाळायला नको असतं, असं या हसणाऱ्यांना कोणी सांगितलं? व्हिसाला रोजच्या मुक्कामाचा पुरावा हवा, तो टूरवाले देतात. रजा मोजकी, तीत ते बसवतात. नकाराची भीती, ती ते वाटून घेतात. पुन्हा कधी यायला मिळेल याची खात्री नसलेला माणूस दहा दिवसांत सात देश बघतो, यात अभिरुचीचा प्रश्न येतोच कुठे? पुन्हा येण्याची खात्री असलेलाच एका गावात आठवडाभर बसू शकतो. 'स्लो ट्रॅव्हल' नावाची जी उच्च अभिरुची मिरवली जाते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एक भक्कम पासपोर्ट असतो.

याचा पुरावा खुद्द इंग्लंडने दिला. दर हिवाळ्यात मोटरहोम घेऊन स्पेनच्या उन्हात महिनोन्महिने पडून राहणारे ब्रिटिश पेन्शनर ब्रेक्झिटनंतर एकदम नव्वद दिवसांच्या नियमात सापडले. कोणत्याही १८० दिवसांत फक्त ९०. मग जी ओरड झाली ती ऐकण्यासारखी होती : हे काय, दिवस मोजायचे? शिक्क्यांचा हिशेब ठेवायचा? या माणसांची इच्छाशक्ती २०२१च्या जानेवारीत अचानक कमी झाली नव्हती. त्यांच्या पासपोर्टचा अर्थ बदलला होता. सावकाशपणा हा त्यांचा स्वभाव असल्याचा त्यांचा समज होता, निघाली ती सवलत.

सीमा नेहमीच अशा होत्या, असंही नाही. १९२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. बलुचिस्तान, इराण, इराक करत युरोप, अमेरिका आणि पूर्व आशिया पालथे घालून त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, १९२८च्या मार्चमध्ये परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर, साडेचार वर्षं. ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते आणि त्या गुलामीचं कौतुक करण्याचं काहीच कारण नाही. पण जगातल्या सरकारांनी १९२०मध्ये पॅरिसला पासपोर्टचा नमुना ठरवण्यासाठी परिषद भरवली, तेव्हा ही युद्धकाळातली बंधनं पुढेमागे जातील अशी आशा तिथे व्यक्त झाली होती, एवढं लक्षात ठेवावं. १९५७मध्ये लंडनहून कलकत्त्याला 'इंडियामॅन' नावाची प्रवासी बस सुरू झाली. पुढे वीसेक वर्षं इस्तंबूल-तेहरान-काबूल-लाहोर-दिल्ली या रस्त्याने हजारो तरुण खटारा व्हॅनमधून आले. तो रस्ता १९७९मध्ये इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानात घुसलेलं सोव्हिएत सैन्य यांनी बंद केला. तेव्हाही येणारे बहुतांश गोरे होते, कारण आपल्याकडे परकीय चलनच मोजून मिळायचं, हेही खरं. आपल्याकडे पैसे आले, तोवर रस्ता गेला होता.

यावर उत्तर ठरलेलं असतं : प्रत्येक देशाला आपली सीमा राखण्याचा अधिकार आहे आणि आपलेच लोक व्हिसावर जाऊन तिकडेच राहतात, मग त्यांनी काय करावं? हा आक्षेप टाळून चालणार नाही. डिसेंबर २०२३मध्ये निकाराग्वाला निघालेलं, ३०३ प्रवासी असलेलं विमान फ्रान्समधल्या व्हात्री विमानतळावर मानवी तस्करीच्या संशयावरून अडवलं गेलं. त्यात बहुसंख्य भारतीय होते. चार दिवसांनी त्यांतले २७६ जण मुंबईत, आपल्या सहारच्या विमानतळावर, पहाटे परत उतरवले गेले. पण ज्याला जायचंच आहे, तो एजंटला लाखो रुपये देऊन निकाराग्वाचा रस्ता शोधतो. रोजच्या मुक्कामाचा तक्ता त्याला अडवत नाही. तो तक्ता अडवतो कोणाला? खोटं बुकिंग द्यायला ज्याचं मन धजत नाही त्याला. आता तर व्हिसापुरतं बुकिंग करून देणं आणि शिक्का मिळाला की ते रद्द करणं, हा राजरोस धंदा झाला आहे. जी तपासणी प्रामाणिक माणसाला खोटं बोलायला शिकवते, तिच्यामुळे सीमा राखली जाते असं म्हणायला धाडस लागतं.

इथवर परकीय दूतावासांना बोल लावणं सोपं होतं. आता आपल्या अंगणाकडे वळू, कारण खरी शरमेची गोष्ट तिथे आहे.

मुंबईला सर्वांत जवळचं परदेशी महानगर कोणतं? दुबई नव्हे, कराची. सरळ रेषेत ते आपल्याला दिल्लीपेक्षा जवळ आहे. १ एप्रिल १९३६पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीतली एक जुनी नावाजलेली शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांनी मुलुंड कॉलनी वसवली. त्या पिढीतल्या किती जणांनी आपलं शिकारपूर किंवा हैदराबाद पुन्हा पाहिलं असेल? गाडी घेऊन दोन-तीन दिवसांत पोहोचता येईल असं ते अंतर. पण आपल्या देशाने पाकिस्तानी नागरिकाला व्हिसा दिला तो शहरांची नावं लिहून. या शहरात जा, त्या शहरात नको. पोलिसांत नोंद करा. पाकिस्तानने आपल्याला दिला तोही तसाच. मुक्काम कुठे ते आधी लिहून द्या, ही अट आपण युरोपकडून शिकलो नाही, तिची आणखी कडक आवृत्ती आपल्याच घरात होती. मुनाबाव-खोक्रापारची थार एक्स्प्रेस २००६मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २०१९मध्ये बंद पडली. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५मध्ये अटारीही बंद झाली. निरपराध पर्यटकांना गोळ्या घालणाऱ्यांसाठी सीमा उघडी ठेवा, असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण बंद दारामागे ऐंशी-नव्वदीची म्हातारी माणसं आपलं जन्मगाव न बघता संपत आली, आणि याची नोंद आपल्या राष्ट्रीय हिशेबात कुठल्याच रकान्यात नाही, हे म्हणायला हवं.

पाकिस्तानचं सोडा. जिथे भांडण नाही तिथे काय केलं? बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांच्यात एकमेकांच्या गाड्या जाऊ देण्याचा करार १५ जून २०१५ला थिंफूमध्ये झाला. भूतानच्या संसदेत तो अडला, छोट्या देशाला गाड्यांच्या लोंढ्याची भीती वाटली, आणि ती चुकीची नव्हती. बाकीच्यांतही तो रखडला. मोरेहून म्यानमारमार्गे थायलंडला जाणाऱ्या तिहेरी महामार्गाच्या घोषणा आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. २०१८मध्ये मोरे-तामू सीमा पासपोर्टवाल्यांना खुली झाली, तेव्हा वाटलं आता होईल. मग २०२१मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि २०२३मध्ये खुद्द मणिपूर पेटलं.

उरलं नेपाळ. १९५०च्या करारामुळे तिथे आपल्याला व्हिसाच लागत नाही. सोनौलीला भन्सार भरा, म्हणजे गाडीचा दिवसावारी कर, आणि पलीकडे जा. कोणी विचारत नाही आज रात्री कुठे झोपणार. हिंदुस्थानातल्या माणसाला गाडी घेऊन खऱ्या अर्थाने निवांत ओलांडता येईल अशी ही सीमा, आणि 'फॉरेन ट्रिप' म्हणून आपण तिला हिशेबातच धरत नाही. जिथे आपल्याला रांगेत उभं करतात तेच परदेश, आणि जिथे हसून आत घेतात ते 'नेपाळ काय, आपलंच', ही आपली व्याख्या आहे. आपली किंमत आपल्याला नाकारणाऱ्याकडून ठरवून घ्यायची ही सवय दूतावासाने लावलेली नाही.

सीमा विरघळू शकतात, हे मराठी माणसाला कोणी सांगायला नको. बांदा सोडलं की पत्रादेवी. १९६१पर्यंत ती पोर्तुगालची सीमा होती. १५ ऑगस्ट १९५५ला निःशस्त्र सत्याग्रही ती ओलांडायला गेले आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या, वीसहून अधिक जण मारले गेले. मग आपल्या सरकारने नाकेबंदी केली, आणि सावंतवाडी-पेडण्याच्या सोयरिकी परवान्यांत अडकल्या. आज अंधेरीहून निघालेलं कुटुंब तिथून जातं, तेव्हा गाडीत एकच वाद असतो : कोलवा की पाळोळे. आणि येताना एकच धास्ती : एक्साइजवाले डिकी उघडतील का. मुंबईच्या वेशीवरच्या मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर जकातीसाठी ट्रकांच्या रांगा लागायच्या, २०१७मध्ये जीएसटी आला आणि जकात गेली. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये हलक्या वाहनांचा टोलही गेला. शहर बुडालं नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. धोरण वाईट नाही. पण बोरिवलीच्या सोसायटीत दोन स्कूटरच्या जागेवरून सर्वसाधारण सभा उधळते, तिथे ही गाडी उभी कुठे करायची, हा प्रश्न आहेच. त्याहून मोठा प्रश्न, ती घेऊन जायचं कुठे? मागणी करायची तर मुळाशी करावी. शेजारच्या देशांशी गाड्यांचे करार मार्गी लावा. कार्नेच्या हमीची रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्यात आणा. दुसऱ्या देशांशी व्हिसाची बोलणी करताना फक्त विद्यार्थी आणि सॉफ्टवेअरवाल्यांचं बोलू नका, सहज फिरायला जाणाऱ्या माणसाचंही बोला. आणि आपल्याकडे येणाऱ्याला आपण काय काय लिहून मागतो, तेही एकदा तपासा. १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं तेरावं कलम कोणताही देश सोडण्याचा हक्क देतं. दुसऱ्या कोणत्याही देशात शिरण्याचा हक्क मात्र कुठेच लिहिलेला नाही. बाहेर पडण्याचं स्वातंत्र्य आहे, आत शिरण्याचं नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत जगातली बहुतेक माणसं उभी आहेत, हातात फाइल घेऊन.

तोवर एवढं तरी करू या. 'इच्छा असली की जमतं' असं कोणी व्यासपीठावरून म्हणालं, की टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न विचारायचा : पासपोर्ट कोणता?